मंदावत जाणारी तारका

२ ऑक्टोबर १९८८, रविवार

पाऊस संपला. काल चार महिन्यांनी टेकडीवरचा घुमट उघडला. आत वटवाघळांनी संसार थाटला होता, दुर्बीण मात्र मेणकापडाखाली सुखरूप होती. अंधार पडल्यावर पूर्वेला देवयानी वर आली आणि तिच्या पायाशी माझी तारका. पाहिली. आणखी मंदावली आहे! गेल्या जानेवारीपेक्षा नक्कीच.

नऊ वर्षं मी हिच्यावर नजर ठेवून आहे. शेजारच्या दोन पिवळसर ताऱ्यांशी ताडून बघायचं, त्यांच्याहून किती ठळक, किती फिकी ते ठरवायचं आणि लिहायचं, एवढंच काम. १९७९ साली ही निळसर पांढरी पोर त्या दोघांहून ठळक होती. आता दोघांच्याही मागे पडली. पुस्तकात हिला स्थिर म्हटलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी धरणगावात बसून पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात पुण्याच्या परिषदेत हे सांगितलं, तेव्हा एक पोरसवदा माणूस उठून म्हणाला, "सर, नुसत्या डोळ्यावर काय भरवसा?" कोणी हसलं नाही, पण त्याला कोणी गप्पही बसवलं नाही. ते वाक्य अजून सलतं. म्हणून हा सगळा खटाटोप मांडला आहे. दुर्बीण आपोआप वळेल, आपोआप तारा धरेल, डोळा लावायच्या जागी उजेड मोजणारी नळी बसेल आणि आकडा कागदावर उमटेल. मग बघतो कोण काय म्हणतं ते.

जूनमध्ये मी कॉलेजातून निवृत्त होतो. त्याआधी तारका सिद्ध झाली तर टेकडीचा खर्च उचलणारे जिनिंगवाले रुपचंदशेठ ती पुढे चालवतील. नाहीतर कुलूप. हे त्यांनी मला हसत हसत, पण तोंडावर सांगितलं आहे.

७ ऑक्टोबर

सकाळी प्रमिलाशी वाजलं. कॉलेजला निघताना सदरा काढला तर पिवळट, एखाद्या किराणा दुकानदाराचा असावा तसा. म्हटलं, "नीळ काय सोन्याच्या भावाने मिळते का? चिमूटभर जास्त टाकलीस तर काय बिघडेल?"

"टाकी व्हती ना," ती म्हणाली. "सदरा पांढराच शे."

मी खिडकीशी धरून दाखवला. ती सदऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. आखो नीळ टाकसू."

आयुष्यभर मी पांढरं धोतर आणि पांढरा सदरा याशिवाय काही घातलं नाही. वर्गात शिरलो की पोरं गप्प होतात ती त्या पांढऱ्याला पाहून. बायकोला एवढंही कळू नये याचं वाईट वाटतं.

१५ ऑक्टोबर

यंत्राचं काम साबेरा मॅडमनी अंगावर घेतलं आहे. जळगावच्या, वयाने लहान, दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला आमच्याकडे आल्या. पावसाळाभर प्रयोगशाळेत बसून त्यांनी उजेड मोजणारी नळी जुळवली, शेठनी मुंबईहून आणलेल्या कॉम्प्युटरला ताऱ्यांच्या जागा शिकवल्या. कमी बोलतात. आमच्या खात्यात हा गुण दुर्मीळ आहे, माझ्यातही नाही.

दुर्बीण वळवायच्या मोटारी मुख्तारने बांधल्या. बाजारात त्याचं मोटारी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचं दुकान, एरवी केळीवाल्यांचे जळालेले पंप त्याच्याकडे येतात. काम बरं करतो पण तोंड अखंड चालू. पहिलं दातेरी चाक त्याने असं कापलं की दुर्बीण उलटीच फिरायला लागली. "सर, आकाशच उलटं फिरतंय तर मी काय करू?" म्हणाला. मॅडम हसल्या. मीही हसलो असतो, पण वेळ नाही.

संध्याकाळी तारका पाहिली. मुख्तारला बघायचं होतं. मी नाही म्हटलं. नऊ वर्षं या नोंदींना माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा डोळा लागलेला नाही. रविवारी गावकरी येतात त्यांना चंद्र दाखवतो, शनी दाखवतो, तारका नाही. दोन डोळ्यांचं माप एका वहीत मिसळलं की वही बाद होते. मुख्तारला राग आलेला दिसला. येऊ दे.

२७ ऑक्टोबर

सत्यानाश. सगळ्या तारा जोडून आज पहिल्यांदा वीज सोडली. फट् आवाज आला, धूर निघाला, मोटार आणि मॅडमनी केलेली सर्किटची एक पाटी दोन्ही जळाल्या. जोडणी मीच केली होती, मॅडमच्या नकाशाप्रमाणे, एक एक तार बघून.

मुख्तारने जळक्या तारा उलगडून पाहिल्या. म्हणाला, "सर, निळीला निळी जोडायची होती. तुम्ही निळीला काळी जोडली."

"मला रंग शिकवतोस?" मी म्हटलं. "तारा तूच भेसळीच्या आणल्यास. दोन्ही काळ्याच आहेत."

त्याने दोन तारा माझ्यापुढे धरल्या. मॅडमकडे बघितलं. मग हत्यारं पिशवीत भरून टेकडी उतरून गेला. इतका बोलका माणूस न बोलता गेला, म्हणजे चोरी पकडली गेली असणार.

मॅडम जरा वेळाने म्हणाल्या, "सर, यापुढे तारा मी जोडते. तुमची मान दुखते ना?" मान दुखतेच. मुलगी समंजस आहे.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

महिनाभर शेतातल्या पंपांना रात्रीच वीज, त्यामुळे टेकडीवर दिवे लागतात तेही मरगळलेले. घरातही तेच. प्रमिलाने यंदा पणत्या जास्त लावल्या होत्या, तरी अंगण पिवळं पिवळं आणि मिणमिणतं. तेलात काहीतरी मिसळतात हल्ली. चंद्रसुद्धा गेल्या महिन्यात शिळ्या भाकरीसारखा दिसत होता. गावात जिनिंगचा हंगाम चालू झाला, कापसाची भुकणी हवेत तरंगते, त्याला कोण काय करणार.

उद्या पाडव्याला शेठ टेकडीवर संगमरवरी पाटी बसवणार आहेत. मी म्हटलं, आधी यंत्र चालू दे, आकडा येऊ दे. शेठ म्हणाले, "सर, तुमच्या डोळ्यावर आमचा विश्वास आहे. मुहूर्त कशाला चुकवायचा?" पुण्यात कोणी असं म्हणालं असतं तर हे सगळं करावंच लागलं नसतं.

१० नोव्हेंबर, पाडवा

पाटी बसली. "या टेकडीवरून प्रा. तोताराम यांनी मंदावणारी तारका शोधिली." गाव लोटलं होतं. अमळनेरहून वर्तमानपत्राचा माणूस आला होता. शेठनी मला हार घातला.

एक गोष्ट मात्र बोचली. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं तोंडाला रुमाल लावून हसत होती. मागेही कुजबुज झाली. मी आज अगदी ठेवणीतलं धोतर-सदरा घालून गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी प्रमिलाने धुणं मनासारखं केलं, कपडे कसे शुभ्र, बगळ्यासारखे. हसण्यासारखं काय होतं? भाषणात शब्द चुकला असेल. प्रमिला पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. तिला म्हटलं, निदान तू तरी टाळी वाजवायचीस.

२१ नोव्हेंबर

चाललं! दुर्बीण कोणाचा हात न लागता वळली, थांबली, तारा धरला. मग शेजारचा. मग दुसरा शेजारचा. मग पुन्हा आपली तारका. मॅडमनी टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतले. प्रिंटर करकरत होता. मला रडू आलं. नऊ हिवाळे मी त्या शिडीवर मान मोडून बसलो, आता कोणाला बसावं लागणार नाही. मी जाईन, तारका मंदावत जाईल आणि हे यंत्र लिहीत राहील.

मॅडमनी मुख्तारला परत बोलावलं, मला न विचारता. त्यानेच शेवटची मोटार बसवली. माझ्याशी बोलत नाही. तेवढं चालेल.

४ डिसेंबर

दहा-बारा संध्याकाळचे आकडे आले. यंत्र म्हणतं, तारका दोन्ही शेजाऱ्यांहून ठळक आहे. १९७९ साली मी पहिल्या दिवशी लिहिली होती तेवढीच. कणभर कमी नाही.

अर्थ उघड आहे. नळीत दोष आहे. मॅडमना सगळं खोलून पुन्हा मोजायला सांगितलं. त्या म्हणाल्या, दोनदा खोललं, दुसरे वीस तारे मोजून पाहिले, ते पुस्तकाशी जुळतात. मी म्हटलं, तिसऱ्यांदा खोला.

आवाज चढला माझा. चढायला नको होता.

११ डिसेंबर

आकडे तेच. झोप नाही. एकाच यंत्राने वीस तारे बरोबर मोजावेत आणि एकविसावा चुकवावा, हे मी एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत पाहिलं असतं तर वही भिरकावून दिली असती. तरी तारका मंदावली आहे. मी पाहिली आहे. मी पाहतो आहे.

शेठ रोज विचारतात. पुण्याला कधी कळवायचं? मी म्हणतो, अजून थोडं.

१८ डिसेंबर

आज दिवेलागणीला टेकडीवर गेलो तर मॅडमनी नळी काढून जुनं भिंग बसवलं होतं. मुख्तारही होता. मॅडम म्हणाल्या, "सर, रागावू नका. आज आम्ही दोघं बघतो. तुम्ही विचाराल तसं सांगतो."

मी नाही म्हणणार होतो. पण थकलो होतो. बघा म्हटलं.

मॅडमनी पाहिलं, शेजाऱ्यांशी ताडलं, मी शिकवलेल्या पद्धतीने आकडा सांगितला. यंत्राचाच आकडा. मग मुख्तार शिडीवर चढला. त्याला आकडेबिकडे येत नाहीत. त्याला विचारलं, तिघांत ठळक कोण? बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, ही मधली. निळी. ट्यूबलाइट कशी असते, तशी. बाकी दोन तिच्यापुढे काहीच नाहीत."

माझ्याशी पावणेदोन महिन्यांनी बोलला तो हे बोलला.

मी पाहिलं. एक मळकट ठिपका, दोघांच्या मागे. डोळे पुसून पाहिलं. तसाच. मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, एकदा डोळे दाखवून याल का?"

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. पेपर वाचतो. घाट उतरतो. तिघांनी संगनमत केलंय असं लिहिणार होतो, पण तिसरं यंत्र आहे, ते कशाला संगनमत करेल?

३ जानेवारी १९८९, धुळे

नेत्रशिबिरात आलो. धर्मशाळेच्या ओसरीवर शेतकऱ्यांच्या, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत बसलो. पाळी आली. डॉक्टर तरुण, घाईत. बॅटरी डोळ्यात मारून म्हणाले, "काका, मोतीबिंदू पिकलाय. दोन्हीकडे. डोळ्यातलं भिंग पार तपकिरी झालंय, चहाच्या गाळणीतून बघत होता तुम्ही. कधीपासून कमी दिसतंय?"

"कमी नाही दिसत," मी म्हटलं.

"कमी दिसत नसेल, पण निळा जवळजवळ दिसतच नसेल. हळूहळू होतं, माणसाला कळत नाही. सात-आठ वर्षं तरी झाली असतील."

पिवळ्या काचेतून निळा उजेड जात नाही. हे मी अकरावीच्या पोरांना दरवर्षी शिकवतो. दोन काचा, एक टॉर्च. पिवळे शेजारी तसेच राहिले आणि निळी मंदावत गेली. आकाशात काही झालं नाही. नऊ वर्षं मी टेकडीवर बसून माझा मोतीबिंदू मोजला, अत्यंत काळजीपूर्वक.

ऑपरेशन परवा.

१९ जानेवारी

घरी. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. डाव्याने लिहितो, ओळी वाकड्या जातात. दिवसभर लुंगी आणि जुना तपकिरी स्वेटर, कॉलेज नाही. प्रमिला वाफाळतं खिचडीचं ताट हातात देते, वाकू देत नाही.

मुख्तारला निरोप धाडला, येऊन जा म्हणून. आला. मी म्हटलं, तारा भेसळीच्या नव्हत्या. तो म्हणाला, "सर, त्याच दिवशी कळलं होतं मला. तुमच्यासमोर कोण बोलणार?" बोलला असता तर मी त्याला हाकललं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चहा पिऊन गेला.

५ फेब्रुवारी

मॅडम येऊन गेल्या. यंत्र उत्तम चाललंय. मला हिवाळाभर जेवढे तारे जमायचे तेवढे एका संध्याकाळी मोजतं. हे ऐकून छाती भरून यायला हवी होती.

शेठनाही सगळं सांगून आल्या, मी जाऊ शकत नव्हतो म्हणून. शेठ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं होतं. म्हणाले, "तारका मंदावली नाही, हे चांगलंच की! मग आता बघायचं काय राहिलं?" महिनाअखेर वीज तोडायची आहे. सरकी ठेवायला त्यांना कोरडी जागा हवीच होती. पाटी काढून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलंय.

मॅडम शेठना दुसरे तारे, दुसरं काम समजावत राहिल्या. मी असतो तरी काय सांगितलं असतं? जूननंतर माझा शब्द कोण ऐकणार, आणि आता तर जूनपर्यंतही नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

लुंगी-स्वेटरवरच धुळ्याला जाऊन चष्मा घेतला. काच इतकी जाड की जग मोठं होऊन अंगावर येतं. पाय कुठे टाकावा कळेना. एस.टी.तून उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. घरी न जाता थेट टेकडीवर गेलो. मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं. नळी काढून भिंग लावून त्या बाहेर उभ्या राहिल्या.

घुमटात सरकीची पोती आलीसुद्धा. एका पोत्यावर पाय देऊनच शिडीवर चढलो.

देवयानी पश्चिमेला कलली होती. तिथे ती होती. निळी, लखलखीत, शेजाऱ्यांना न जुमानणारी. १९७९ सालच्या त्या पहिल्या संध्याकाळी जशी होती, तश्शी. मी तिला विसरलो होतो. रोज बघत होतो आणि विसरत चाललो होतो. आनंद व्हायला हवा होता, इतकी सुंदर दिसली. पण मी शिडीवर बसून रडलो. ती मरत नव्हती. तिला माझी गरजच नव्हती.

मॅडमनी विचारलं, "सर, आकडा लिहू?" नको म्हटलं.

अंधारात घरी आलो. वीज नव्हती.

२६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चष्मा लावून परसात गेलो. उद्यापासून कॉलेज, म्हणून प्रमिलाने माझे कॉलेजचे कपडे धुऊन वाळत घातले होते. मला वाटलं, कोणा दुसऱ्याचे आहेत. दोरीवर चार सदरे, चार धोतरं, सगळी निळी. पांढऱ्यावर निळसर झाक नव्हे, चक्क निळी. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तसली. कपाट उघडलं, आतलेही तेच. प्रमिला धुण्याच्या दगडाशी बसली होती. तिचे हात मनगटापर्यंत निळे होते, नखांच्या कडा तर काळ्याच दिसत होत्या.

पाडव्याची पोरं आठवली. हार घालताना शेठ जरा थबकले होते, तेही आठवलं. सगळ्या गावाने हे पाहिलं.

"तू सांगायचं नाहीस?" मी म्हटलं.

"सांगं व्हतं. पांढराच शे म्हनी सांगं व्हतं."

"पुन्हा सांगायचंस."

"मी सांगतू त तुम्ही ऐकतात का?" ती हात लुगड्याला पुसत म्हणाली, "मंग म्हनं, तुमले पांढरं दिसस ना, बस झायं."

मी पायरीवर बसलो. मग तिने विचारलं, "ती चांदनी बी तशीच व्हती का? बठ्ठाले दिसे, तुमलेच नही?"

"तशीच."

"मंग तिनाबद्दल बी कोनी सांगं नही तुमले?"

"यंत्राने सांगितलं."

तिने उठून एक सदरा उतरवला, साबण लावून पुन्हा घासायला बसली. दुपारपर्यंत घासत होती. दोन पाणी, तीन पाणी, पाणी निळं येतच राहिलं. शेवटी मीच म्हटलं, राहू दे आता. इतक्या महिन्यांची नीळ एका दिवसात निघत नाही. सदरा वाळला तेव्हा जरा फिका झाला होता, पण निळाच होता.

उद्या सोमवार. पहिला तास अकरावीचा आहे, प्रकाशाचाच धडा राहिलाय. दुसरे कपडे नाहीत, हेच घालून जायचं आहे.